चार वेळा दाबलेलं बटण

"मशीन खोटं बोलत नाही, संपदा." उदय सरांनी छापील कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "एकदा दाबलंय बटण. ती बाई म्हणते चार वेळा. दाखव बरं मला, कुठे आहे चार वेळा?"

संपदाने कागद उचलला नाही. तो तिला पाठ झाला होता. तीन आठवड्यांपूर्वी भोपाळमधल्या एका खासगी रुग्णालयात त्यांच्या कंपनीचा सिरिंज पंप एका म्हाताऱ्या माणसाला जलद डोस देत होता. मधेच सुई शिरेतून सरकली, औषध मांसात शिरलं आणि हात कोपरापर्यंत सुजला. ड्यूटीवरच्या सिस्टरचं म्हणणं, सूज दिसल्याबरोबर मी 'थांबवा' दाबलं, पंप थांबेना, म्हणून चार वेळा दाबलं. पंपातल्या नोंदींचं म्हणणं, तीन वाजून सात मिनिटं बेचाळीस सेकंदांनी बटण एकदाच दाबलं गेलं आणि पंप त्याच सेकंदाला थांबला. म्हाताऱ्याचा हात आठवड्यात बरा झाला. सिस्टर मात्र तेव्हापासून घरी बसली होती. उद्या अकरा वाजता तिची चौकशी, आणि त्याआधी, म्हणजे आज संध्याकाळी साडेपाचपर्यंत, कंपनीने आपला अहवाल पाठवायचा होता. अहवाल तयार होता. यंत्रात दोष आढळला नाही, एवढाच.

"चार वेळा नाहीये, सर. पण त्याच्या आधीचे चव्वेचाळीस सेकंदसुद्धा नाहीयेत," संपदा म्हणाली. "पंप दर सेकंदाला एक ओळ लिहितो. तीन सहा अठ्ठावन्न, आणि मग एकदम तीन सात बेचाळीस. मधे काय करत होता तो?"

"अरे, ओळी गळतात यार कधी कधी. तू काय नवीन आहेस का?"

"एखाददुसरी गळते. चव्वेचाळीस नाही गळत."

उदय सर मूळचे ग्वाल्हेरचे. चिडले की हिंदीवर यायचे आणि समजूत घालायची असली की 'बेटा' म्हणायचे. आत्ता ते खुर्चीत मागे रेलले, तेव्हाच संपदाला कळलं की आता बेटा येणार.

"बेटा, सहा महिने आराम करून आलीस. जरा हळूहळू घे. बाकीचं मी बघतो ना."

आराम. संपदाची कानशिलं तापली. सहा महिन्यांत सलग तीन तास झोपल्याची एकही रात्र तिला आठवत नव्हती. तान्ह्या जुईला दर दोन तासांनी भूक लागायची आणि मधल्या वेळात पोट दुखायचं. पण ते इथे बोलायचं नव्हतं.

"मला ट्रेसिंग चालू करून एक बिल्ड करू द्या, पंपाचं सॉफ्टवेअर नव्याने बांधू द्या. दोन तासांचं काम आहे."

"मंजुरी मिळालेल्या बिल्डमध्ये ट्रेसिंग नाही. तू ते टाकलंस की मशीन दुसरंच झालं. त्यात जे दिसेल ते या मशीनचं कसं काय?"

"नाही, कारण तुम्ही काढलंत. मी रजेवर गेले तेव्हा होतं."

यावर उदय सरांनी घड्याळ पाहिलं. "साडेपाचला मेल जाईल," ते म्हणाले आणि फोन कानाला लावून बाहेर गेले.

पंपाच्या पोटात एक छोटासा संगणक असतो आणि कर्नल हा त्या संगणकाचा कारभारी. कुणी बटण दाबलं, सेकंद उलटला, मोटरचा फेरा पुरा झाला, की जो तो कारभाऱ्याच्या दारावर थाप मारतो आणि कारभारी हातातलं काम बाजूला ठेवून ती थाप ऐकतो. एखादं काम नाजूक असलं तर तो तेवढ्यापुरतं दार लावून घेतो. तेवढ्यापुरतं म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. त्या वेळात थापा पडल्या तर दार उघडल्यावर त्याला एवढंच कळतं की कुणीतरी येऊन गेलं. एकदा की चार वेळा, ते कळत नाही.

दार किती वेळ लागलेलं होतं, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. ते पाहायचं तर कर्नल बांधतानाच ट्रेसिंगची सोय आत ठेवावी लागते. पर्यायांची हजारो ओळींची यादी असते, प्रत्येकापुढे एक रिकामी चौकट; चौकटीत ताऱ्याची खूण टाकली की ती सोय आत जाते. त्यातली एक सोय फार साधी आहे. दार सगळ्यांत जास्त वेळ कुणी लावून ठेवलं, तो वेळ आणि ते करणाऱ्या फंक्शनचं, म्हणजे कोडच्या तुकड्याचं नाव, एवढं ती लक्षात ठेवते. संपदाने तपासणीच्या बिल्डमध्ये हे तारे मुद्दाम टाकून ठेवले होते. रजेवरून आली तर पानभर चौकटी रिकाम्या. का, तर इंदूरच्या प्रदर्शनात पंप नऊऐवजी सहा सेकंदांत सुरू व्हायला हवा होता. मग तेच बिल्ड तपासणीला गेलं, तेच मंजुरीला आणि तेच रुग्णालयातल्या जुन्या पंपांत.

तिने यादी उघडली आणि एकेक तारा परत टाकला. कळ इतक्या जोरात दाबत होती की पलीकडच्या टेबलावरच्या कांचनने मान वर करून पाहिलं. परवानगी मिळाली नव्हती. नसू दे.

बिल्ड होईपर्यंत एक वाजला. शिवाजी नगरहून सासूबाईंचा फोन आला. "खिमटी अर्धी खाल्ली, अर्धी माझ्या साडीला दिली," त्या म्हणाल्या. "थांब, दाखवते." पडद्यावर जुईचं कपाळ आलं, मग नुसता एक कान. पोरीने फोनलाच तोंड लावलं असावं. त्या ओल्या, कापसासारख्या आवाजाने संपदाच्या छातीत दूध दाटून आलं. तिने ओढणी घट्ट केली. "आई, आज थोडा उशीर होईल." "होऊ दे. तुझा आवाज असा का गं? भांडलीस?" "अजून नाही," ती म्हणाली.

चाचणीच्या पंपात पाण्याने भरलेली सिरिंज बसवून तिने नळीचं टोक स्टीलच्या पेल्यात सोडलं. जलद डोस सुरू. पेल्यात धार पडू लागली. तीनदा केलं. दार सर्वांत जास्त लागलं ते सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाएवढं. काहीच नाही. तिला चीड आली, कारण नाव कुणाचं निघणार हे तिने मनात ठरवून टाकलं होतं. ती नसताना पडद्याचा सगळा कोड उदय सरांनी नव्याने लिहिला होता. भराभर, प्रदर्शनासाठी. तिला तेच नाव हवं होतं. ते नाव मोठ्या अक्षरात छापून त्यांच्या टेबलावर सरकवायचं होतं, त्यांनी सरकवलं तसंच.

तक्रारीच्या कागदावर सिस्टरचा नंबर होता. शशिकला, एवढंच नाव. संपदाने जिन्यात जाऊन तो लावला.

"मी संपदा बोलतेय, पंप बनवणाऱ्या कंपनीतून. त्या दिवसाबद्दल विचारायचं होतं."

"आता काय विचारता?" पलीकडचा आवाज दमलेला नव्हता, तापलेला होता. "माझं लिहून झालं. चार बार दाबलं मी. तुमची मशीन बोलते एकदा, म्हणजे मी झूठी. बावीस साल झाले मला नोकरीत. उज्जैनला होते तेव्हापासून. कधी कोणी एक मेमो दिला नाही. आणि आता ती कालची पोरं मला विचारतात, सिस्टर, मोबाइल बघत होता का?"

"मी तुम्हाला खोटं म्हणत नाहीये."

"मग कोण म्हणतंय? कागद तर तुमच्याकडूनच आला ना?"

"त्या वेळी आणखी काही झालं होतं का? काहीही. थोडंसं वेगळं."

"लाइट गेली होती. जनरेटरने वेळ घेतला. हे पण लिहिलंय मी, कोणी वाचलं तर ना." आणि फोन ठेवला.

शशिकलाच्या तक्रारीची दोन्ही पानं संपदाने काढून वाचली. दुसऱ्या पानावर खरंच लिहिलं होतं. संपदानेसुद्धा ते वाचलं नव्हतं. तिने फक्त मशीनचा कागद पाठ केला होता.

रुग्णालयातून परत आलेला पंप कपाटात होता. तिने त्याची जुनी बॅटरी काढून चाचणीच्या पंपात बसवली, जलद डोस सुरू केला आणि भिंतीतला प्लग ओढला.

पडदा जागच्या जागी थिजला. पेल्यातली धार चालूच राहिली, कारण मोटरला एकदा हुकूम मिळाला की ती दुसरा मिळेपर्यंत फिरत राहते. संपदाने 'थांबवा' दाबलं. धार चालू. परत दाबलं. मग अंगठ्याने, जोरात. मग पंप दुसऱ्या हाताने धरून आणखी एकदा. बोट काढल्यावर तिच्या लक्षात आलं की चार वेळा झालं. मोजून दाबलं नव्हतं. माणूस एवढंच दाबतो, आणि मग मदतीला कोणी आहे का म्हणून इकडेतिकडे बघतो. कांचन उठून जवळ आली होती. दोघी पेल्याकडे बघत उभ्या राहिल्या. कुणाच्या तरी मांसात इतकं गेलं होतं.

पडदा हलला. धार थांबली. नोंदींत एकच ओळ उमटली: बटण, एकदा.

ट्रेसिंगने वेळ दाखवला. त्रेचाळीस सेकंद आणि वर थोडं. खाली फंक्शनचं नाव होतं. पडद्याचं नव्हतं. बॅटरीचं होतं, आणि बॅटरीचा सगळा कोड संपदाचा होता.

तिने तो उघडला. आठवा महिना होता तेव्हा. पायांना सूज, टेबलाखाली पाय ठेवायला उलटी बादली, आणि आतून जुई बरगडीला टाच लावून बसलेली. वीज गेली की बॅटरीला विचारायचं, किती उरलीस. उत्तर येईपर्यंत दार लावून थांबायचं. नाही आलं तर परत विचारायचं. शेजारी तिनेच टीप लिहिली होती: जास्तीत जास्त दोन मिलिसेकंद. नव्या बॅटऱ्या तेवढ्यात उत्तर द्यायच्या. जुन्या झालेल्या बॅटरीचं उत्तरच येत नाही, आणि कारभारी शेकडो वेळा विचारून मगच नाद सोडतो, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. जुन्या बॅटऱ्या तिच्याकडे नव्हत्याच.

सकाळपासून जो राग दुसऱ्याच्या दिशेने धावत होता, तो आता तिच्यावरच येऊन आदळला. पण म्हणून तो दुसरीकडून कमी झाला नाही. ट्रेसिंग चालू असतं, तर मंजुरीच्या तपासणीत हे पहिल्याच दिवशी सापडलं असतं. तारे याच्यासाठीच होते. आपल्यासारख्यांच्या चुकांसाठी.

उदय सरांनी आकडे दोनदा वाचले. मग त्यांचे खांदे सैल पडले आणि चेहऱ्यावर चक्क सुटकेचा भाव आला.

"म्हणजे तुझंच निघालं."

"हो."

"छोड ना मग. दुरुस्त कर, पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप टाकून देऊ. सगळीकडे जाईल, काम खतम. अहवाल आहे तसा जाऊ दे."

"आणि ती सिस्टर?"

"तिचं तिचं हॉस्पिटल बघेल. अगं, मी तुझ्यासाठीच बोलतोय. छोटी मुलगी आहे तुला. नवऱ्याची, जितेंद्रची बदली अधूनमधून होणार, एवढी चांगली नोकरी परत कुठे मिळणार तुला भोपाळमध्ये?"

"तिलापण बावीस वर्षं झालीत, सर."

"कोणाला?"

कुणाबद्दल बोलणं चाललंय हे ठाऊक असूनही माणूस 'कोणाला' विचारतो, तेव्हा सांगून उपयोग नसतो. संपदा जागेवर जाऊन बसली आणि अहवाल लिहू लागली. वीज गेल्यावर जुन्या बॅटरीसह पंप जवळपास चव्वेचाळीस सेकंद कुठलंही बटण ऐकत नाही. त्या वेळात कितीही वेळा दाबलं तरी नोंद एकच होते. परिचारिकेचं म्हणणं यंत्राच्या वागण्याशी तंतोतंत जुळतं. अशा सर्व पंपांची जुनी बॅटरी ताबडतोब बदलावी. दोष बॅटरीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे बॅटरीशी बोलणाऱ्या कोडमध्ये आहे. तो मी लिहिला आहे.

उदय सर मागे येऊन उभे होते. "आणि ही खालची ओळ? ट्रेसिंग अमुक तारखेला बंद करण्यात आलं, हे कशाला?"

"कारण ते झालंय."

"माझं नाव येतंय यात."

"नाव नाहीये तुमचं. तारीख आहे."

"नीट विचार कर, संपदा. हे माझ्या सहीशिवाय जातंय."

"जातंय," ती म्हणाली. पाच वाजून दहा मिनिटांनी तिने तो चौकशी समितीला, शशिकलाला आणि कंपनीच्या मालकांना एकदमच पाठवला. कुर्त्यावर दुधाचे दोन डाग उमटले होते आणि तिने ओढणी पुढे घेतली.

उदय सर आपल्या खोलीत गेले. काचेआडून ते फोनवर बोलताना दिसत होते, मधूनच तिच्याकडे बघत. संपदाने मेजाचा खण उघडून आपल्या चार वस्तू पिशवीत भरल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण उद्या कुणी सांगायच्या आत आवरलेलं बरं. मग ती जिन्यात गेली.

"शशिकलाताई, मी संपदा. तुम्हाला एक मेल पाठवलाय. उद्या तो छापून घेऊन जा. मशीन थांबत नव्हतं. तुम्ही खरं सांगत होता."

पलीकडून कुकरची शिटी तेवढी ऐकू आली.

"कोणी बिघडवलं होतं?" शेवटी शशिकलाने विचारलं.

"मी. तो भाग माझ्याकडून चुकला."

धन्यवाद आले नाहीत, आणि ते आले असते तर संपदाला नको झाले असते. शशिकला उठल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकवल्याचा.

"थांबा जरा. पेन घेते," ती म्हणाली. "उद्या विचारतील, कोण बोललं. हां, सांगा. पूर्ण नाव सांगा."

संपदाने सांगितलं. आधी स्वतःचं, मग जितेंद्रचं, मग टेंबे. सावकाश, एकेक शब्द, पलीकडे लिहून होईपर्यंत थांबत.