हसणारा बैल

कुस्ती संघाच्या बांगसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागदावरच्या बैलाच्या गळ्यातल्या पिवळ्या फितीवर बोट ठेवलं.

"एवढी काढून टाका, मॅडम. बाकी बैल फर्मास उतरलाय."

"गेल्या वर्षी तुम्हीच घालायला लावली होती," सनोक म्हणाली.

"गेल्या वर्षीचं वेगळं होतं हो. अख्खा देश रडत होता. आता लोक कंटाळलेत. यंदा बैल हसला पाहिजे."

त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर कुस्ती स्पर्धेची जुनी बोधचिन्हं लावलेली होती. बहुतेक सनोकनेच काढलेली. सोलला ऑलिंपिक झालं त्या सालचं म्हणजे नुसती रंगांची उधळण. देश कर्जात बुडाला आणि बायकांनी अंगावरचं सोनं देशासाठी नेऊन दिलं, त्या हंगामातलं करडं. त्यात एकमेकांचा कमरपट्टा धरलेले दोन हात, बाकी काही नाही. विश्वचषकाच्या वर्षीचं लालभडक. आणि शेवटी गेल्या वर्षीचं, पांढऱ्यावर शोकाची पिवळी फीत. सहलीला निघालेल्या शाळकरी पोरांना घेऊन जहाज बुडालं, त्या वर्षीचं.

त्या पोरांत सनोकची भाची होती. येरिन, सख्ख्या थोरल्या भावाची मुलगी. बांगसाहेबांना हे ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी फीत रंगवताना सगळेच आपल्याबरोबर रडताहेत असं तिला वाटलं होतं, सांगायची गरजच पडली नाही. आणि आता सांगणं म्हणजे सवलत मागण्यासारखं झालं असतं.

"बरं," ती म्हणाली आणि कागद गुंडाळला.

दादा सोलच्या ग्वांगह्वामुन चौकातल्या तंबूत होता. जहाज वर काढा, चौकशी करा म्हणत इतर आईबापांबरोबर तो तिथे बसून असे. सनोकने नेलेल्या किंबापचा, भाताच्या गुंडाळ्यांचा, डबा त्याने शेजाऱ्यांपुढे सरकवला, हात पुसले आणि चित्र लांब धरून पाहिलं. तरुणपणी तोही वाळूच्या रिंगणात उतरलेला गडी.

"हा तर तुझ्या सासऱ्यासारखा हसतोय गं. सगळे दात बाहेर."

"दादा, ती फीत त्यांनी काढून टाकायला लावली."

"दिसतंय मला."

बाहेरून जाणारा एक माणूस ओरडला, "अजून किती दिवस पोरांच्या नावावर बसून खाणार रे?"

तंबूतल्या कुणी मानसुद्धा वळवली नाही.

"तू म्हणालास तर नाही देत मी," सनोक म्हणाली.

"तू नाही दिलंस तर दुसरं कुणी देईल. त्याला बैल तरी नीट येईल का?" त्याने चित्र परत दिलं. मग जरा ओशाळून म्हणाला, "अंतिम कुस्तीचा पास मिळेल का गं? बऱ्याच दिवसांत कुस्ती पाहिली नाही."

पास मिळाला. कापणीच्या सणात स्पर्धा होती. सभागृहाबाहेर झुंबड उडाली होती. दादाने इस्त्रीचा सदरा घातला होता. खिशावर पिवळी फीत टाचलेली.

दारातल्या स्वयंसेवक मुलीने अदबीने वाकून म्हटलं, "काका, तेवढी फीत काढता का? आत राजकीय खुणा चालत नाहीत. वरून सांगितलंय."

तिच्या टोपीवर बैल हसत होता.

"हे राजकीय नाही, पोरी."

"ते माझ्याबरोबर आहेत," सनोक म्हणाली.

"तुम्ही जा ना मॅडम, तुमचा तर सत्कार आहे. फक्त काकांनी..."

मागच्या रांगेतून कुणीतरी ढकललं. दादाचा हात खिशापर्यंत गेला, टाचणीवर थबकला आणि खाली आला.

"तू जा," तो म्हणाला.

"मी नाही जात."

"जा म्हणतो ना. नाव पुकारतील तुझं. मी आहे इथंच."

ती गेली. कुणी हाताला धरून ओढलं नव्हतं. आपल्याच पायांनी गेली.

बांगसाहेबांनी माइकवरून सांगितलं, "प्यो सनोक मॅडमच्या चित्रात देशाचं मन उमटतं!" टाळ्या पडल्या. माइक तिच्या हातात आला. समोर कॅमेरे होते, अख्खं सभागृह होतं. "आभारी आहे," एवढंच ती म्हणाली, कमरेत वाकली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. मग कुस्ती झाली. लोक उभे राहिले, तीही उभी राहिली. विजेत्याला खांद्यावर घेऊन रिंगणाभोवती फिरवलं.

ती बाहेर आली तेव्हा दादा भिंतीला टेकून उभा होता. तिला पाहताच लगबगीने पुढे आला. चेहरा उजळलेला, येरिन गेल्यापासून न दिसलेला.

"शेवटी केवढा गलका झाला गं! इथपर्यंत ऐकू आला. कोण जिंकलं?"

सनोकने तोंड उघडलं. तिला नाव आठवेना. दोघांपैकी एकाचंही.

"बरं, नाव राहू दे," दादा म्हणाला. "कसा पाडला, तेवढं सांग."