तळहाताची थाप

नल्लकुंट्याच्या त्या जुन्या गल्लीत घराघरांमधल्या भिंतींना छोटी दारं होती. रस्त्यावर पाऊल न टाकता पहिल्या घरातून शेवटच्या घरात जाता यायचं. रझाकारांच्या दिवसांत माणसं जीव मुठीत धरून याच दारांतून निसटली. तेव्हापासून रीतच पडली. बोटांनी टकटक झाली तर कुणाला विरजण हवंय. तळहाताची थाप पडली तर संकट. मग काही विचारायचं नाही, आधी कडी काढायची.

आता शहरात जिकडेतिकडे अपार्टमेंटं उगवत होती. आज वारसा समितीचे साहेब गल्ली बघायला आले होते. सगळी दारं उघडती असली तर गल्लीला संरक्षण, मग एक वीट पाडायची सोय नाही. एक जरी बुजलेलं निघालं तर बिल्डरला रान मोकळं.

शेवटचं घर हिम्मतरावांचं. बिल्डर त्यांना दोन फ्लॅट देणार होता, एक त्यांना, एक मुलाला. नाहीतर केदार बायकोला घेऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला निघालाच होता. एकुलता एक पोरगा! हिम्मतरावांना घास गोड लागत नव्हता. म्हणून दार बुजलेलं वाटावं असं कडी घालून ते दाराशी मुकाट बसले होते.

टकटक झाली. "भावजी, घरात हैत का?" शेजारच्या निर्मलावहिनी.

हिम्मतरावांनी श्वास रोखला. पुन्हा टकटक.

"बुजवलेलं दिसतंय," साहेब म्हणाले. "तसं लिहितो."

झालं, सुटलो! हिम्मतरावांनी डोळे मिटले.

आणि दारावर थाप पडली. सबंध तळहाताची.

काही कळायच्या आत कडी निघाली. "काय झालं, वहिनी?" म्हणत हिम्मतराव उंबऱ्यात धावले.

वहिनी धडधाकट उभ्या होत्या. मागे साहेब.

हिम्मतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्या थापेची मस्करी करता तुम्ही?"

"मस्करी नाही, भावजी," वहिनी म्हणाल्या. "गल्ली मोडायला निघाली. याहून मोठं संकट कोणतं?"

साहेब वाकून आत शिरले. हिम्मतराव बाजूला सरले. केदारला आता काय तोंड दाखवायचं?

"पुन्हा अशी थाप नक्को मारू, वहिनी."

"मारली तर?"

हिम्मतरावांनी कडीकडे पाहिलं. "तर उघडतो की. दुसरं काय करतो मी!"