साखरपाण्याची सुई

"नातीले हात नाई लावाचा, तं या घरी जेवाचं तरी काऊन मी?"

आत्याबाईंनी, माझ्या सासूनं, ताट ढकललं. भाकरी घसरत चुलीपाशी गेली. मी काजलला कडेवर आवळून धरलं आणि कढईतली भाजी हलवत राहिले.

"हात लावू नका नाई म्हटलं मी. उचलू नका म्हटलं."

"एक डाव पडली मी, तं एवढं?"

"तिच्या कपाळाले तीन टाके हायेत, आत्याबाई."

"पाह्य बे भागवत, तुही बायको टाके मोजून राह्यली."

भागवत, माझा नवरा, दोघींकडं आळीपाळीनं पाहून बैलाला पाणी दाखवायला निघून गेला. बैल सकाळीच पाणी प्यालेला होता.

आठ दिवसांपूर्वीची गोष्ट. ओट्याच्या पायऱ्या उतरताना आत्याबाईंचा उजवा गुडघा आतल्या बाजूला मुडपला आणि कडेवरची दीड वर्षाची काजल फरशीवर आपटली. हा गुडघा जुनाच दुखणेकरी. कधीतरी कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन त्या शेताच्या धुऱ्यावरून घसरल्या होत्या, तेव्हापासून तो असा दगा देतो. त्या दिवसापासून मी पोरीला त्यांच्याजवळ सोडत नव्हते. कापूस वेचणीला जाताना पाठीशी बांधून नेत होते. काळी जमीन दुपारी तव्यासारखी तापायची, काजल रडून रडून निजायची, आणि गावात नावं मलाच ठेवली जायची.

शेवटी मीच मेहकरची डॉक्टरीण शोधली. तिनं गुडघा वाकवून, दाबून पाहिला. हाडांना बांधून ठेवणारा आतला पट्टा, लिगामेंट, सैल पडलाय म्हणाली. तिथं साखरेच्या पाण्याचं इंजेक्शन देते. तीन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा. आधी सूज येईल, ठणकेल, पण सूज उतरायच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. त्या सुजेतूनच पट्टा भरून यावा, अशी अपेक्षा असते.

"खात्री देत नाही," ती म्हणाली. "काहींना गुण येतो, काहींना नाही."

"साखर तं मी चहातही टाकतो," आत्याबाई म्हणाल्या. "इथवर गाडीभाडं काऊन खर्चाचं?"

तिथंच मी शहाणपणा केला. म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही बिबा घालता ना दुखण्यावर? तसंच हे. आतून जरा चेतवायचं, मंग अंग आपलं आपणच भरून काढते."

त्यांनी माझ्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. मग लुगडं गुडघ्यावर सारलं.

"तीन सुया घेतो. मंग पोरगी माह्या कडेवर. कबूल?"

"डॉक्टरीणबाई हो म्हटल्या तं कबूल."

"तुह्या तोंडानं सांग."

"कबूल."

पहिल्याच खेपेला पाच ठिकाणी सुई गेली.

घरी आल्यावर गुडघा खरबुजासारखा फुगला. मी गोळ्यांची पाकिटं लपवून ठेवली, म्हणून ओट्यावर माझा उद्धार सुरू झाला.

"साखर भरली सुनेनं गुडघ्यात. आता मुंग्या लागतीन."

"पाक मुरू दे, तानू," शेजारची शालूबाई आत्याबाईंकडं पाहत खिदळली. "दिवाळीले तुह्याच गुडघ्याचे अनारसे तळू."

मी आतून ऐकत होते. ऐकलंय हे त्यांना कळावं म्हणून पातेलं जरा जोरात आदळलं.

सूज चार दिवसांत उतरली. दोन आठवड्यांनी आत्याबाई पायरी उतरताना भिंत धरायच्या थांबल्या. मला बरं वाटलं, पण बोलले नाही. बोलले असते तर लगेच पोरगी मागितली असती.

दुसऱ्या सुईच्या आदल्या दिवशी मी वेचणीहून आले तर घरात जळका, उग्र वास. शालूबाई दिवा विझवून लगबगीनं निघाली. आत्याबाईंच्या गुडघ्यावर काळे सात ठिपके होते. बिबा टोचून दिव्यावर तापवलेला आणि त्याचं तेल कातडीवर दिलेलं. कडेनं फोड उठायला लागले होते.

"हे काय केलं?"

"तूच तं म्हटलं का बिब्यासारखं हाय. म्हटलं, आतून बी देऊ, बाहेरून बी देऊ. एखांदी सुई वाचीन. पोरगी लवकर भेटीन."

मला ओरडायचं होतं. पण शब्द माझेच होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीनं नुसतं लांबूनच पाहिलं. भाजलेल्या कातडीतून सुई घालता येत नाही, आत जंतू जातील. जखम पूर्ण भरेपर्यंत काही नाही. दीड-दोन महिने तरी.

"हे करायला सांगितलं कुणी?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बोट केलं. "सुनबाईनं. बीएस्सी शिकेल हाय थे."

येताना गाडीत आम्ही दोघी दोन खिडक्यांना तोंड करून बसलो.

घरी आत्याबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या. कापड टेकवत नव्हतं म्हणून लुगडं गुडघ्याच्या वर घेतलेलं. मी दारात उभी होते. काजल माझ्या कडेवरून सरपटत उतरली, तुरुतुरु गेली, आणि आजीच्या गळ्यातली पोत धरायला थेट त्याच गुडघ्यावर चढली.

एक फोड फुटला. पाणी पिंढरीवरून ओघळलं. आत्याबाईंच्या जबड्याचं हाड वर आलं. दोन्ही हातांनी त्यांनी काजलची कंबर धरली आणि माझ्याकडं पाहिलं.

"मी नाई उचललं. थेच आली."

मी पाऊल पुढं टाकलं. मग थांबले. पाठ फिरवून आत गेले.

ताट वाढून आणलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

"जेवा."

"कशानं जेवू? हात गुतले हायेत माहे. भरव."

मी खाली बसले. भाकरीचा तुकडा मोडला, आणि ठेच्यात जरा जास्तच बुडवला.