आत्याला सिनेमाला नेलं

सुभद्राआत्या सिनेमाला यायला तयार झाली, तेव्हा सुचित्राला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची किळसही आली. पण किळस काय, येते आणि जाते. काळाचौकीच्या त्या खोलीपायी नवऱ्याची, राजेशची, झोप उडाली होती, घरात उठता-बसता भांडणं होत होती आणि सगळ्याच्या मुळाशी ही म्हातारी आहे, असं सुचित्राचं ठाम मत होतं.

चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. सगळी बिऱ्हाडं गेली, तिसऱ्या मजल्यावर एकटी आत्या उरली. राजेशच्या वडिलांची ही बहीण. नवऱ्याने टाकली म्हणून भावाकडे आली, ती इथलीच झाली. गिरणीतल्या पोरांची खानावळ चालवून तिने भावाचा संसारसुद्धा ओढला. पण खोली कागदावर राजेशची. "डोंबिवलीला आमच्याकडे चल," म्हटलं की आत्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवायची. "देव हंय आसत, म्हणजे मी पण हंय." देव हलवायचे तर घरातल्या सगळ्यात वडील माणसाने नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, गावच्या देवाची परवानगी मागायची आणि मगच हात लावायचा, ही त्यांची रीत. आणि वडील माणूस उरलं होतं कोण? आत्याच. आता बोला!

शेवटी राजेशने बेत केला. रविवारी सुचित्रा, लेक श्रेया आणि राजेशची बहीण माया आत्याला परळला सिनेमाला नेतील. तेवढ्या वेळात तो सामान टेम्पोत भरून चावी बिल्डरच्या माणसाला देऊन टाकेल. "चार दिवस रडेल, मग विसरेल," तो म्हणाला. सुचित्राने मान डोलावली.

आत्या ठेवणीतली हिरवी नऊवारी नेसून, अबोलीचा गजरा माळून खाली उतरली. थेटराच्या दारात तिच्या पिशवीतून गुळाचं खाजं निघालं.

"आजी, बाहेरचं खाणं आत चालत नाही," गार्ड म्हणाला.

"बाहेरचा खंय रे? घरचाच आसा! घे, तू पण खा."

रांगेतली माणसं हसली, गार्डही हसला आणि खाजं आत गेलं. पडद्यावर सिनेमा सुरू झाला आणि खुर्चीत आत्याचा वेगळाच सुरू झाला. "गो बाये, मागे बघ! तो मेलो मागे उभो आसा!" नायिकेने नाही ऐकलं, तर हिने कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या रांगेतली पोरं वळून वळून तिला बघायला लागली. श्रेया तर हसून हसून खुर्चीतून घसरली. सुचित्रालाही हसू आवरेना. लग्नाला बारा वर्षं झाली, पण ही बाई इतकी मजेशीर आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. ठाऊक करून घ्यायला ती कधी आत्याजवळ बसली होती?

मध्यंतरात आत्याने तिला हाताला धरून बाजूला नेलं.

"ऐक. मी येतंय तुमच्याकडे. डोंबिवलीक."

"असं अचानक?" सुचित्राने विचारलं.

"चाळीत उरलो कोण गो? रात्री खोकलंय तरी ऐकाक माणूस नाय. तुमका मी नको, खोली होयी, असा माका वाटायचा, म्हणून हटून बसलंय. आज माका आठवणीन घेऊन इलात. बस्स झाला. उद्या सकाळी नारळ ठेवतंय, गाऱ्हाणं घालतंय आणि देव माझ्या हातान उचलतंय."

आत्या बाथरूमकडे वळताच सुचित्राने फोन लावला. "राजेश, थांब! ती तयार आहे. स्वतःहून."

"आता काय थांब? शीवच्या पुढे आलो मी."

"आणि देव?"

"पिशवीत. टॉवेलात नीट गुंडाळलेत. पहिले तेच उचलले, नाहीतर ती हलली असती का?"

"परत फिर. होते तिथे ठेव, मी पाया पडते तुझ्या."

"चावी दिली ना! वेडी झालीस का तू?"

त्या घडीला आत्याला सांगून टाकायला हवं होतं. सुचित्राची जीभच रेटली नाही. उरलेला सिनेमा आत्या खदाखदा हसत होती आणि ही तिच्याशेजारी हातातला फोन उलटसुलट करत होती.

परतताना माया परस्पर सटकली. शहाणी! जिने चढून तिघी वर आल्या, तर दाराला नवंकोरं परकं कुलूप. आत्याने खिडकीच्या गजांतून आत पाहिलं आणि किंकाळी फोडली, "चोर शिरले गो! माझे देव नेले! अरे, कोण आसा काय?" गॅलरीभर बंद दारं. कोण धावून येणार होतं? ती वळली. सुचित्रा जागची हललीसुद्धा नव्हती.

"तुका ठावक होता?"

"हो."

"ठावक होता आणि माझ्यावांगडा, बाजूक बसान, हसत होतंस?"

आत्या खिडकीपासून मागे झाली आणि जिना उतरू लागली. रडली नाही की शिव्या घातल्या नाहीत. त्याच संध्याकाळी डोंबिवलीला आली. जाणार तरी कुठे? राजेशने कपाटावर देव मांडले होते. तिने त्यांना ना फूल वाहिलं, ना हात जोडले. गाऱ्हाणं न घालता आणलेले देव, ते तिचे कसले!

सुचित्रा मात्र पार बदलली. आत्याचं पथ्यपाणी बघू लागली, रोज तिच्याजवळ बसू लागली, पायावर डोकं ठेवून माफीही मागून झाली. आत्या दिलेलं मुकाट खायची, विचारलं तेवढं बोलायची. श्रेयाच्या वाढदिवसाला सगळे सिनेमाला निघाले, तेव्हा सुचित्राने किती विनवलं. श्रेया तर गळ्यातच पडली.

आत्याने पोरीचे हात हलकेच सोडवले आणि खुर्ची ओढत नेऊन दाराच्या आतल्या बाजूला भिंतीशी ठेवली. त्या खुर्चीवर ती बसली.

"तुम्ही जावा," ती म्हणाली. "मी घर राखतंय."