विजयकुमारच्या वडिलांची होडी

विजयकुमार पेडणेकरच्या वडिलांकडे होडी नव्हती. होडीचं सोडा, त्यांना पोहताही येत नव्हतं. ते डोंबिवलीत नगरपालिकेत नोकरीला होते, आणि गावाहून पाहुणे आले की त्यांना चौपाटीवर न्यायचं, एवढाच त्यांचा समुद्राशी संबंध. तरीही दुबईत विजयकुमारला ओळखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की पेडणेकरांचे वडील मालवणच्या किनाऱ्यावरचे नामांकित मच्छीमार होते, आणि मुलानेही लहानपणी त्यांच्या होडीत बसून सगळी विद्या आत्मसात केली होती.

ही थाप त्याने मारली ती लेकीसाठी. श्रिया दुसरीत असताना बाईंनी वर्गात सांगितलं, की आपापल्या आजोबांबद्दल पाच वाक्यं लिहून आणा. शेजारी बसणाऱ्या शहनाझचे आजोबा श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जायचे आणि मोती काढायचे. दुसऱ्या एका मुलीचे आजोबा न्यायाधीश होते. श्रिया घरी आली आणि आपले आजोबा काय करायचे म्हणून विचारू लागली. ते तिच्या जन्माआधी दोन वर्षं गेलेले, तिने त्यांचा फोटोच काय तो पाहिलेला. विजयकुमार तेव्हा ओट्यापाशी उभा राहून देरा मार्केटातून आणलेली सुरमई साफ करत होता. हाताला खवलं चिकटलेली होती. नगरपालिका हा शब्द त्याच्या ओठांवर आला आणि का कोण जाणे, तिथेच अडकला. मासे पकडायचे, तो म्हणाला.

एक खोटं पचलं की पुढची आपोआप पचतात. रोज झोपताना श्रियाला आजोबांची गोष्ट लागे, आणि विजयकुमारही काही कमी नव्हता. होडीला नाव मिळालं, वादळं आली, चाळीस किलोची सुरमई आली. बायको उर्मिला सुरुवातीला हसायची, मग चिडायची. शेवटी तिने नाद सोडला. अति झालं की हसू होतं, एवढं मात्र तिने बजावून ठेवलं होतं.

आता श्रिया सतरा वर्षांची होती. सप्टेंबरात ती शिकायला कॅनडाला जायची होती. कॉलेजच्या अर्जासोबत जो निबंध द्यावा लागतो, तो तिने आजोबांवर लिहिला होता. विजयकुमारने तो वाचला आणि दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. पोरीने तो निबंध मनापासून लिहिला होता. आपण कोणाच्या वंशातले आहोत हे मला त्या होडीमुळे कळतं, असं शेवटचं वाक्य होतं. आता खरं सांगायचं तर तिच्या पायाखालची वाळूच काढून घ्यायची. म्हणून त्याने ठरवलं, की ती विमानात बसेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

पण दैवाच्या मनात वेगळंच होतं. जबल अलीत विजयकुमार ज्या कंपनीत डॉक्युमेंटेशन बघायचा, तिचा मॅनेजर हमीद हा इथलाच, अरब माणूस. कंपनीच्या फॅमिली डेला श्रियाने त्याला आजोबांच्या दोन गोष्टी ऐकवल्या. हमीद मासेमारीचा वेडा. तो अमेरिकेत शिकायला होता तेव्हा तिथल्या एका थंडगार तळ्यावर, छोट्या होडीतून ट्राउट आणि सामन मासे पकडायला शिकला होता. होडी अगदी सावकाश चालवायची, मागे लांबवर दोरी सोडायची, दोरीच्या टोकाला गळ लावलेला चकचकीत पत्र्याचा चमचा. मासा त्याला पळणारं पिल्लू समजून झडप घालतो. गोड्या पाण्यातली ही विद्या आणि त्या चमच्यांचा डबा घेऊन तो परत आला आणि खाऱ्या पाण्यात तेच करू लागला. मच्छीमाराचा मुलगा आपल्याच ऑफिसात बसून कागद चाळतोय हे कळल्यावर तो थोडाच सोडतो? जानेवारीतल्या एका शुक्रवारी बापलेकीने बोटीवर यायचंच, असं त्याने फर्मान काढलं. विजयकुमारने पाठदुखी पुढे केली. हमीद म्हणाला, समुद्रावर पाठ बरी होते, खलास.

शुक्रवारी उजाडता उजाडता ते बंदरावर पोचले. बोट वीस-बावीस फुटांची, फायबरची. तिच्यावर एक म्हातारा दोऱ्या आवरत होता. हमीदने ओळख करून दिली, हा बदरुद्दीन, माझा नाखवा, तुमच्याच मुलखातला. बदरुद्दीन हर्णैचा निघाला. चाळीस वर्षं समुद्रावर, त्यातली वीस इथे. विजयकुमारच्या तोंडचं पाणीच पळालं. अरबाला काहीही सांगून निभावता येईल, पण हर्णैच्या माणसापुढे कोकणातली थाप कशी चालायची?

बोट निघाली. बदरुद्दीनने साधी चौकशी केली, गाव कुठलं, वडील कुठे जायचे मासेमारीला. विजयकुमार मोघम बोलत राहिला. पण श्रियाला कुठलं राहवतंय? तिने उत्साहाने चाळीस किलोच्या सुरमईची गोष्ट सुरू केली, अर्धी इंग्रजीत, अर्धी हिंदीत. आषाढातला पाऊस कोसळतोय, सगळे घरात बसलेत आणि आजोबा एकटे होडी घेऊन निघालेत. म्हातारा ऐकत होता. आषाढात कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोणी पाण्यात घालत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. विजयकुमारच्या ते ऐकिवातही नव्हतं. बदरुद्दीनने मान वर करून एकदाच त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, चेष्टाही नव्हती. मग तो श्रियाला म्हणाला, बडे हिंमतवाले थे, आणि पुन्हा दोरीला लागला. पितळ उघडं पडलं होतं, फक्त ते दोघांपुरतं होतं.

विजयकुमार मान खाली घालून बसला. थोड्या वेळाने त्याने मान वर केली आणि मग मात्र त्याला ती खाली घालता येईना.

किनारा मागे विरून गेला होता. बर दुबईच्या खाडीत अब्रातून, म्हणजे तिथल्या लाकडी होडीतून, तो शेकडो वेळा इकडून तिकडे गेला होता, तेवढ्यालाच तो समुद्र समजत होता. इथे पाणी चहूकडे होतं आणि ते हलत नव्हतं. वाऱ्याचं नाव नाही. सूर्य वर आला तसा पाण्याचा रंग राखाडी, मग गुलाबी आणि मग असा निळा झाला, की त्या निळ्याला नाव द्यायला त्याच्याकडे शब्द नव्हता. बोटीखाली किती खोल असेल, त्याने विचारलं. हमीदने आकडा सांगितला. तो आकडा ऐकून विजयकुमारने कठडा घट्ट धरला, आणि तरीही त्याला वाकून खाली बघावंसं वाटत राहिलं. वीस वर्षं तो ह्या देशात होता. रोज सकाळी कंपनीच्या बसने ह्या पाण्याच्या कडेकडेने जायचा आणि बसमध्ये पेंगायचा. हे सगळं इथे रोज होतं, तो नसतानाही होतं, ह्या विचाराने त्याला स्वतःचीच कीव आली.

हमीदने वेग कमी केला. बदरुद्दीनने गळाच्या दोन काठ्या मागच्या बाजूला खोबणीत उभ्या केल्या आणि चमचे पाण्यात सोडले. दोऱ्या लांबत गेल्या, चाळीस-पन्नास पावलांवर जाऊन थांबल्या. आता करायचं काहीच नव्हतं. चालत राहायचं आणि बघत राहायचं. तास गेला.

मग पाणी उकळायला लागलं. उजव्या अंगाला एका ठिकाणी बारीक मासळी हजारोंनी वर उसळत होती आणि वरून पक्षी कोसळत होते. हमीदने बोट त्या गर्दीच्या कडेने वळवली. बदरुद्दीन हलकेच म्हणाला, मागे बघा. डाव्या चमच्याच्या मागे पाण्यातून काहीतरी वर आलं. काळसर, उंच, पसरलेलं. ते शीड होतं, माशाच्या पाठीवरचा पंख. मासा चमच्याच्या मागून येत होता, घाई न करता, आणि आपल्या लांब चोचीने त्याला टपल्या मारून बघत होता.

मग काठी वाकली आणि तिच्यावरचं दोरीचं रीळ किंचाळायला लागलं.

हमीद चाकाला होता, बदरुद्दीन दुसरी दोरी गुंतू नये म्हणून भराभर ओढून घेत होता. मोकळा होता तो विजयकुमार. हमीद ओरडला, यल्ला विजय, तुझ्या बापाचा मासा आहे. श्रिया बाबांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर एवढा विश्वास होता, की त्याने काठी उचलली.

दोरी सरसर निघून चालली होती. जे हातातून निसटतंय ते घट्ट धरावं, एवढंच त्याला सुचलं. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. त्याने रिळाचा ब्रेक करकचून आवळला. काठी वाकून अर्धी झाली, दोरी तारेसारखी वाजू लागली. दोरीला हात लावून आवर घालायला गेला तर दोन बोटं भाजल्यासारखी कापली गेली. बदरुद्दीन मागून मराठीत म्हणाला, जाऊ द्या त्याला. आता दोरी तुटली तर गळ तोंडात घेऊन मरेल तो.

आणि तेवढ्यात मासा पाण्याबाहेर आला.

माणसाएवढा होता, माणसाहून मोठा होता. तो सबंध बाहेर आला, पाठीवरचं शीड पूर्ण उघडलं, आणि त्याच्या अंगावर निळे-जांभळे पट्टे दिव्यासारखे पेटले. तो रंग उन्हाचा नव्हता, त्याच्या आतून येत होता. क्षणभर तो हवेतच राहिला असं विजयकुमारला वाटलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. दहा वर्षं तो समुद्राच्या गोष्टी रचत होता आणि त्यातल्या एकाही गोष्टीत असं काही नव्हतं. असं काही असू शकतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या सगळ्या थापा ह्या एका उडीपुढे मळक्या चिंध्या होत्या.

"मला येत नाही," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "श्रिया, मला हे येत नाही. मी कधीच मासा पकडलेला नाही. आजोबांनीही नाही. होडी नव्हती आपली. सगळं मी रचलं होतं." आणि काठी त्याने बदरुद्दीनपुढे केली.

बदरुद्दीनने आधी ब्रेक सैल केला. मग काठी स्वतःकडे न ठेवता श्रियाच्या हातात दिली आणि मागून आपले हात तिच्या हातांवर ठेवले. तिचे हात म्हातारा सांगेल तसे चालत होते. तो पळाला की पळू द्यायचं, थांबला की ओढायचं. पाऊण तास हे चाललं. विजयकुमार रुमाल बोटांना गुंडाळून कोपऱ्यात उभा होता. तिने एकदाही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

शेवटी मासा बोटीला लागला. बदरुद्दीनने ओल्या फडक्याने त्याची चोच धरली, गळ काढला. हमीदचा नियम होता, हा मासा मारायचा नाही. पण दमलेला मासा नुसता सोडला तर बुडतो. बोट हळू चालवत त्याला पाण्यात धरून ठेवावं लागतं, म्हणजे कल्ल्यांतून पाणी खेळतं. बदरुद्दीनने विजयकुमारला खुणेने जवळ बोलावलं आणि चोच त्याच्या हाती दिली. त्याने गुडघे टेकले, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. माशाचा रंग विझून तपकिरी झाला होता. त्याचा भलामोठा डोळा वर बघत होता. विजयकुमार त्या डोळ्यात बघत राहिला. त्याला भीती वाटत होती, आणि देवळात वाटतं तसंही काहीतरी वाटत होतं. मग हळूहळू कातडीखाली एक निळी लहर धावली. आणखी एक. शेपटी हलली. त्याने हात उघडले आणि मासा खाली, त्या निळ्यात, दिसेनासा होईपर्यंत गेला.

परतताना बदरुद्दीनकडून सगळं समजल्यावर हमीदने एवढंच म्हटलं, की हबीबी, माझे आजोबा समुद्रावर जायचे आणि त्यांना समुद्र अजिबात आवडायचा नाही. मग त्याने चहाचा थर्मास पुढे केला. श्रिया पुढच्या टोकाला पाठ करून बसली होती. विजयकुमार तिच्याजवळ जाऊन बसला. माफी मागायला त्याने तोंड उघडलं, पण तिनेच आधी विचारलं.

"देन व्हॉट डिड ही रिअली डू?"

दहा वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता, त्यानेच तशी सोय करून ठेवली होती. वडील आठवायला त्याला थोडा वेळ लागला. मग तो सांगू लागला. ते पाणी सोडायचे. चावीवाले होते. पहाटे चारला उठून, खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी घेऊन निघायचे. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालायची आणि फिरवायची. कुठल्या गल्लीला किती फेरे, हे त्यांना पाठ होतं. वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं. चावीच्या दांड्याला कान लावून ते पाणी कुठवर आलंय ते ऐकायचे. एकदा ते तापाने फणफणले होते, तर लहानग्या विजयला सोबत घेऊन गेले आणि त्यालाही कान लावायला सांगितलं. आत दूरवर कुठेतरी गडगड ऐकू आली, ती जवळ जवळ आली, आणि मग सबंध गल्लीतले नळ एकामागून एक खोकत सुरू झाले. घराघरांतून बादल्यांचे आवाज आले. कोणालाही माहीत नव्हतं की हे ह्या माणसाने केलंय. चार हजार माणसं होती त्यांच्या पाण्यावर.

श्रिया आता पूर्ण त्याच्याकडे वळली होती. तिचे डोळे भरलेले होते, आणि त्यात रागही होता.

"चार हजार?" ती म्हणाली. "अँड यू थॉट अ फिश वॉज बेटर?"

खरं उत्तर एकच होतं, आणि ते त्याने पाण्याकडे बघत दिलं. मला त्यांची लाज वाटायची, तो म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, वडील गेल्यानंतर एकोणीस वर्षांनी, तो त्यांच्यासाठी रडला.