नायराचा भाव

चेतनाच्या लग्नाची यादी चालली होती आणि हरिदास गजभियेंनी शामरावचं नाव दुसऱ्यांदा खोडलं. शामराव त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. राहायचा बीरगांवात, त्यांच्या गुढियारीच्या घरापासून टेम्पोनं अर्ध्या तासावर. पण वीस वर्षांत दोघांनी एकमेकांचा उंबरठा ओलांडला नव्हता.

"काकानं केलं तरी काय होतं, बाबा?" चेतनानं पेन काढून घेतलं. "आज बता ही दो."

हरिदासांनी सांगून टाकलं. रेल्वेत सिग्नलच्या कामावर असताना तीन वर्षं त्यांना नायजेरियाला पाठवलं होतं. अर्धा पगार बँकेमार्फत घरी यायचा, तिथलं चलन नायरा, एका नायराला चौदा रुपये या भावानं. हे घर त्यातूनच उभं राहिलं. त्र्याऐंशीच्या शेवटी परतताना त्यांनी उरलेले सहाशे नायरा पॅन्टच्या अस्तरात शिवून आणले. इथल्या बँकेनं नोटा घेतल्या नाहीत, म्हणून त्या बदलून आणायला शामरावला मुंबईला धाडलं. तो आला अठराशे रुपये घेऊन.

"म्हणजे नायराला तीन! आठ हजार चारशे पाहिजे होते. मी त्याले चोर म्हटलं, तर मान खाली घालून निघून गेला. एक शब्द बोलला नाही. खरा असता तर बोलला नसता?"

चेतना तीन वर्षांपूर्वी झालेल्या नव्या राज्याच्या नव्या खात्यात नोकरीला होती. सगळं ऑफिस अजून खोक्यांतून बाहेर निघत होतं, पण तिच्या टेबलावर इंटरनेट आलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं एक छापील कागद बापाच्या पुढ्यात ठेवला. रुपया आणि नायरा, वर्षवार.

हरिदासांनी चष्मा लावला. पहिलीच ओळ चालू वर्षाची होती, दोन हजार तीनची. एका नायराला छत्तीस पैसे.

"हे उलटं छापलं."

"नहीं बाबा. आता एका रुपयात जवळपास तीन नायरा येतात."

हरिदासांनी कागद उलटसुलट करून पाहिला. आपल्या दहाच्या नोटेला नायजेरियातला दुकानदार हसला होता, ते त्यांना आठवलं. असं कसं झालं? रुपया एवढा मोठा झाला म्हणावा, तर इथं भाजीला पिशवीभर पैसे लागून राहिले.

"आपलाही पडला, बाबा. त्यांचा जास्त पडला," चेतना म्हणाली.

दोघंही पडले आणि तरी एक वर! हरिदासांनी तो विचार सोडून दिला आणि बोट खाली खाली नेलं. एकोणीसशे त्र्याऐंशी : तेरा रुपये सत्त्याण्णव पैसे.

"पाहा! चौदाच की नाही?" त्यांनी मांडीवर थाप मारली.

चेतनानं शेजारच्या रकान्यावर नख टेकवलं. "तो सरकारी भाव. हा खुल्या बाजारातला. त्याच वर्षीचा."

तिथं पावणेचार लिहिलं होतं.

"एकाच नोटेचे दोन भाव?"

"हव."

"मग खरा कोणता?"

चेतनानं थोडा विचार केला. "दोन्ही. पगार बँकेतून आला, त्याला चौदा. अस्तरातल्या नोटांना कोण देणार चौदा?"

रविवारी हरिदास लग्नाची पत्रिका आणि तो कागद घेऊन बीरगांवला निघाले. टेम्पोत ते मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होते : शाम, माझं चुकलं.

शामराव अंगणात बनियनवर बसून कूलरची जाळी धूत होता. केस पार पांढरे झालेले. "जय भीम, दादा," तो गडबडून उठला. हरिदासांनी बसण्याआधीच कागद उघडला आणि दोन्ही रकाने वाचून दाखवले. "तीन काय अन् पावणेचार काय. दलालीत तेवढं जाणारच. तू खरा होतास."

शामरावनं ओले हात बनियनला पुसले.

"पावणेचारच भेटले होते, दादा."

"काय?"

"मी तुले तीननं दिले. साडेचारशे ठेवले. तिकीट, दोन दिवसांचं खाणं, अन् एक घड्याळ घेतलं फुटपाथवरून. मले वाटलं, तुले घड्याळाचं समजलं. म्हणून बोललो नाही."

"अरे, मी अकरा रुपयांचं म्हणून राहिलो होतो!"

"कोणते अकरा?"

"चौदातून तीन गेले की अकरा!"

"चौदा कोण देत होतं?" शामरावनं खरोखरच न समजून विचारलं.

हरिदास बाजेवर बसले. घोकलेलं वाक्य तोंडात तसंच राहिलं. सहा हजार सहाशेच्या ज्या चोरीसाठी त्यांनी भावाला वीस वर्षं तोडलं, ती झालीच नव्हती. जी झाली होती, तिचा त्यांना पत्ताच नव्हता. आता माफी मागायची, की रागवायचं?

"घड्याळ पाहिजे होतं तर मागायचं ना. मी दिलं असतं."

"दिलं असतं, दादा?"

हव म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मग त्या दिवसांतला हरिदास त्यांना आठवला, भेटेल त्याला आपला पगार चौदानं गुणून सांगणारा. त्यांनी कागदाची घडी घातली.

शामरावची बायको अंजनाबाई चहा घेऊन आली. "भाऊजी, पोट्टीची पत्रिका आणली म्हणे?" हरिदासांनी पत्रिका तिच्या हातात दिली. माफीचं वाक्य काही बोललं गेलं नाही.

शामराव लग्नाच्या दोन दिवस आधीच आला आणि मांडवाचं सगळं काम त्यानं अंगावर घेतलं. हळदीच्या दिवशी आचाऱ्याला द्यायचे पाच हजार हरिदासांनी त्याच्यापुढे धरले. देताना त्यांची बोटं नोटांवर क्षणभर अडली. शामरावनं ते पाहिलं, पैसे घेतले आणि चुलाणाकडे निघून गेला. बोटं संशयानं अडली की नुसत्या सवयीनं, हे हरिदासांना स्वतःलाच सांगता आलं नसतं. तेवढ्यात कोणीतरी त्यांना हळदीसाठी आत बोलावलं.