सहाव्या मजल्याची चूकभूल

आप्पांनी आयुष्यभर पाट्या रंगवल्या. दवाखान्यांच्या, दुकानांच्या, 'येथे वाहने लावू नयेत'च्या. शेवटची पाटी त्यांनी स्वतःच्याच इमारतीसाठी रंगवली: 'लिफ्ट बंद आहे. तसदीबद्दल क्षमस्व.' निळ्यावर पांढरी अक्षरं, आणि 'क्ष'च्या पोटाला असा काही बाक, की येणारा-जाणारा दोन क्षण थबकावा. पाटी इतकी देखणी झाली की लिफ्ट बंद असणं ही तात्पुरती गोष्ट आहे, असं कुणाला वाटेचना.

त्यानंतर महिन्याभरात आप्पांचा खुबा मोडला. दवाखान्यातून त्यांना सहाव्या मजल्यावर चौघांनी उचलून आणलं, आणि वर पोचल्यावर आप्पांनी जाहीर केलं, "हे शेवटचं. मी काय कपाट आहे, चढवायला नि उतरवायला?"

त्याला दोन वर्षं झाली.

रस्त्यापलीकडे, बरोबर खिडकीसमोर, त्यांच्या मित्राचं सलून. सलूनवाले काकांना दमा. आप्पांना उतरता येत नव्हतं, काकांना चढता येत नव्हतं. मग रोज सकाळी अकरा वाजता खिडकी आणि फूटपाथ यांच्यात गप्पा चालत.

"जेवलास का रे?"

"अकरा वाजता कोण जेवतं? डोकं कापतोस की तुझंच कापून घेतलंयस?"

"दाढी बघ स्वतःची! कावळे घरटं करतील!"

"करू देत! भाडं घेईन!"

कारण आप्पा गालाला दुसऱ्या कुणाचा हात लावू देत नव्हते. चाळीस वर्षं एक हात, एक वस्तरा, एक खुर्ची. दाढी वाढत वाढत छातीवर आली, तिथे बटणांत अडकू लागली.

आणि एका सकाळी काका खालून ओरडले, "हा सोडून पुढच्या शनिवारी सलून बंद करतोय रे! लेकीकडे चाललो, कायमचा!"

वरची खिडकी मिटली. आप्पा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसले आणि संध्याकाळी तीन लेकरांना एवढंच म्हणाले, "त्या खुर्चीत एकदा बसायचंय मला. शनिवारच्या आत."

लेकरांनी आधी काही केलं नव्हतं, असं नाही. जो तो आपल्या परीनं झटला होता.

थोरली गावच्या पेपरात बातमीदार. तिनं लिफ्टवर सात बातम्या लिहिल्या होत्या. प्रत्येक बातमीत तारखा, अर्जांचे क्रमांक, पायऱ्यांची संख्या. पेपरात ती 'चूकभूल' नावाचा छोटा चौकोनही सांभाळायची. मागच्या अंकात काय चुकलं, खरं काय, ते कुणाबद्दल होतं आणि आज परिस्थिती काय, हे चार ओळींत. नियम तिनंच घातलेला आणि तिनं तो कधी मोडला नव्हता. सात बातम्यांना लोकांचा प्रतिसाद असा आला: एका वाचकानं कळवलं की शब्दकोड्यात आडवा बारा चुकलाय. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "छान लिहिलंस गं, पण फोटोत आमची खिडकी अर्धीच आलीय." बातमीशेजारी गाद्यांची जाहिरात होती, तिच्याबद्दल मात्र पुष्कळ चौकशी झाली. आणि घरबांधणी कार्यालयानं लिहिलं, 'बातमीची नोंद घेण्यात आली आहे.'

मधला माहितीपट करायचा. त्यानं बेचाळीस मिनिटांचा माहितीपट केला. त्यातली अकरा मिनिटं नुसता जिना. ऊन पहिल्या पायरीवरून हळूहळू सहाव्या मजल्याकडे चढतं आणि वर पोचेपर्यंत मावळतं. सभागृहात हुंदके ऐकू आले. नंतर प्रश्नोत्तरं. एका गृहस्थांनी नऊ मिनिटं प्रश्न विचारला, त्यात प्रश्न सापडला नाही. एका बाईंनी कॅमेरा कोणता, ते विचारलं. तिसऱ्यानं चष्मा पुसत विचारलं, "लिफ्ट हे नेमकं कशाचं प्रतीक आहे?"

"लिफ्टचंच आहे," मधला म्हणाला.

"वा!" ते गृहस्थ म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माहितीपटाचे नायक हजर नव्हते, कारण लिफ्ट बंद होती. बक्षीस मिळालं ते काचेचं, भलतं जड. मधल्यानं ते जिन्यानं वर आणलं आणि दोन दिवस पाठ शेकत पडला.

धाकटी टपालाच्या पार्सल विभागात. दिवसभर पट्ट्यावरून खोकी सरकायची आणि ती पिनकोड ओरडायची. ओरडता ओरडता त्या आकड्यांना ताल आला, तालाला शब्द फुटले आणि बाई रॅप करू लागल्या. शनिवारचं ऐकल्यावर तिनं रात्र सरायच्या आत गाणं बांधलं, लिफ्टसमोर आप्पांच्या पाटीखाली उभं राहून म्हटलं आणि इंटरनेटवर सोडून दिलं.

*बाप वरती, दोस्त खाली,*
*जिना बसलाय दात-ओठ खात,*
*दोन वर्षं लिफ्ट निजली*
*कुलूप घालून दारात,*
*कुणी हलवा, कुणी उठवा,*
*कुणी द्या रे हात—*
*दोन-चार-चार, नऊ-शून्य-सात!*

गाणं वणव्यासारखं पसरलं. व्यायामशाळेत वाजलं, दातांच्या दवाखान्यात वाजलं, रिक्षात वाजलं. चार दिवसांत इमारतीखाली रांग लागली. जो तो बंद लिफ्टच्या दाराला पाठ लावून नाचायचा, व्हिडिओ काढायचा आणि जायचा. "प्रेमभंगाचं गाणं आहे," एक मुलगी मैत्रिणीला समजावत होती. "दोस्त म्हणजे तो. जिना म्हणजे नशीब."

"आणि लिफ्ट?"

"लिफ्ट म्हणजे... आई असणार त्याची."

रविवारी पेपरानंही पुरवणीत गाणं अख्खं छापलं, चौकटीत, रंगीत. ज्या संपादकांनी थोरलीच्या सातव्या बातमीला पाचव्या पानाच्या तळाशी जागा दिली होती, त्यांनीच.

थोरलीनं चहाचा घोट घेतला, चौकट वाचली आणि घोट तसाच तोंडात राहिला.

"अगं ए!" ती गिळून ओरडली. "तक्रार विभागाचा नंबर शेवटी आठ आहे! तू सात म्हटलंयस!"

"माहितीय," धाकटी म्हणाली. "खात, दारात, हात, त्यावर आठ कसा बसेल?"

"पाठ, गाठ, ताठ, काठ! किती शब्द पडलेत!"

"ते तुमच्या पिढीचे शब्द आहेत, ताई."

"चार वर्षांनी मोठी आहे मी फक्त! पार्सलवर असा आकडा बदलतेस?"

"पार्सल चुकलं तर परत येतं. यमक चुकलं तर गाणं परत येत नाही." धाकटीनं मान वाकडी केली. "पण एक सांग. गाणं येऊन आठवडा होत आला. तुला आज कळलं?"

थोरलीनं पेपराची घडी घातली.

"ऐकलंच नाहीस ना शेवटपर्यंत?"

"तू माझ्या बातम्या वाचल्यास? पाचवी कशावर होती, सांग बरं."

धाकटीनं छताकडे बघितलं. मग दोघींनी मिळून मधल्याकडे बघितलं. मधला म्हणाला, "माझ्याकडे बघू नका. माझ्या माहितीपटात दोघी घोरत होतात. ध्वनिमुद्रणात आलंय."

आतून आप्पा हसले. दाढीतून आलेलं ते हसू कितीतरी दिवसांनी ऐकू आलं.

"चूक पेपरात छापली गेलीय," थोरली म्हणाली. "बुधवारी 'चूकभूल'मध्ये घ्यावीच लागेल."

"घे की," आप्पा म्हणाले. "पाटीवर अक्षर चुकलं तर मी पुसून पुन्हा काढायचो. त्यात लाज कसली?"

सोमवारी संध्याकाळी दार वाजलं. दारात एक गृहस्थ चौकट धरून उभे होते. कपाळावर घामाच्या धारा, टाय खांद्यावरून मागे गेलेला. बोलायला तोंड उघडत होते, पण आवाज अजून चौथ्या मजल्यावरच होता. धाकटीनं खुर्ची दिली, मधल्यानं पाणी दिलं.

"मी," ते दम घेत म्हणाले, "नऊ-शून्य-सात."

घरबांधणी कार्यालयाचे मुख्य अभियंते होते ते. तक्रारींचा फोन नऊ-शून्य-आठ. त्याच्या अलीकडचा त्यांच्या टेबलावरचा. त्यावर फक्त मोठ्या साहेबांचा फोन यायचा, म्हणून नंबर कुठे छापलेला नव्हता आणि उचलल्याशिवाय गत्यंतरही नव्हतं.

"दिवसाला दोनशे फोन!" अभियंते म्हणाले. "कुणी गाऊन दाखवतं, कुणी 'पुढचं गाणं कधी' विचारतं. एक बाई म्हणाल्या, बाळ झोपत नाही, जरा म्हणून दाखवा. शुक्रवारी वैतागून ओरडलो, 'मी गाणार नाही!' तर पलीकडे मोठे साहेब!"

"लिफ्टबद्दल कुणी काही बोललं का?" थोरलीनं विचारलं.

"कुठली लिफ्ट?" म्हणाले आणि जीभ चावली. चढून आलेले सहाही मजले त्यांच्या चेहऱ्यावर एकदम दिसले.

"ते जाऊ द्या," ते म्हणाले. "ताबडतोब दुरुस्ती छापा. नंबर चुकलाय म्हणून."

"लिहिलीय," थोरली म्हणाली आणि कागद उचलून वाचू लागली. "'रविवारच्या पुरवणीतील गाण्यात क्रमांक नऊ-शून्य-सात असा छापला गेला. तो नऊ-शून्य-आठ असा हवा. नऊ-शून्य-सात हा क्रमांक तक्रार विभागाचा नसून मुख्य अभियंत्यांच्या टेबलावरचा, थेट—'"

"थांबा, थांबा! ते कशाला?"

"चूक कुणाबद्दल होती, ते सांगावं लागतं. नियम आहे."

"अहो, आत्ता लोक नुसते गाऊन फोन ठेवतात! हे वाचलं तर नळ, गटार, दिवे, सगळं माझ्या टेबलावर येईल! नका छापू मग."

"छापावंच लागेल. चूक ती चूक."

धाकटीनं टेबलाखालून बहिणीच्या पायावर पाय दिला. थोरलीनं पाय काढून घेतला.

"शेवटची ओळ राहिली," ती म्हणाली. "'सदर लिफ्ट आजही बंद आहे.' आजची परिस्थिती सांगायची, हाही नियम."

अभियंते हळूच पुढे सरकले. "आणि समजा... लिफ्ट चालू झाली असली तर?"

"तर 'चालू झाली आहे, आता फोन करण्याचं कारण नाही' असं लिहीन. खरं असेल ते लिहीन."

"पान कधी लागतं तुमचं?"

"उद्या संध्याकाळी पाचला."

अभियंते उठले. जाताना त्यांनी आप्पांकडे, म्हणजे आप्पांच्या दाढीकडे, बराच वेळ पाहिलं. "तुम्हीच का ते 'बाप वरती'?"

"मीच," आप्पा म्हणाले. "जपून उतरा. चौथ्यावर कठडा हलतोय. आठव्या अर्जात लिहिलंय."

मंगळवारी दहाला दोन मेकॅनिक आले. साडेतीनला लिफ्ट चालू झाली. हातभर लांबीचा एक भाग बदलायचा होता. तो दोन वर्षं कार्यालयाच्याच गोदामात, खोक्यात, एका सहीची वाट बघत पडला होता.

खाली नाचायला आलेल्या पोरींचा विरस झाला. "शी! चालू केली?" एक म्हणाली. "आता काय मजा?" आणि पाटीसमोर शेवटचा व्हिडिओ काढून सगळ्या गेल्या.

आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला, काठी घेतली. लिफ्ट उतरू लागली तसे ते एकेक मजला ओठांनी मोजत होते, सहा, पाच, चार, दूरच्या गावाची स्टेशनं मोजावीत तसे. खाली दार उघडलं. त्यांनी स्वतःची पाटी पाहिली, खिळ्यावरून काढली, बगलेत मारली आणि रस्ता ओलांडला.

सलूनच्या दारात काका उभे होते.

"आलास का रे!" काका ओरडले.

"आलो!" आप्पा ओरडले.

दोघांत वीतभर अंतर होतं. पण दोन वर्षांची सवय. आप्पा खुर्चीत बसले, काकांनी कापड गुंडाळलं, फेस केला, आणि दोघे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन खच्चून ओरडत राहिले. "दुखतंय का!" "नाही!" "मान वर कर!" "केली!" बाकावरच्या गिऱ्हाईकानं कानांत बोटं घातली. वस्तरा मात्र तितकाच हलका होता. पांढऱ्या लाटा मांडीवर उतरत होत्या आणि खालून आप्पांचा जुना चेहरा हळूहळू वर येत होता.

थोरली दारात उभी राहून घड्याळ बघत होती. चार पन्नास. तिनं पेपरच्या कार्यालयाला फोन करून शेवटची ओळ सांगितली: लिफ्ट चालू झाली आहे.

"ए पोरी," काकांनी तिला हाक मारली आणि आरशाखालचा खण ओढला. आत तिच्या साती बातम्या होत्या, कडा सरळ कापून, एकावर एक. "तुझ्या बातमीत एक चूक आहे. साती वेळा तीच."

थोरलीचा चेहरा पडला. "कुठली?"

"पायऱ्या एकशे चौदा लिहितेस. एकशे बारा आहेत."

"तुम्हाला काय माहीत?"

काकांनी वस्तरा पुसला, पुन्हा पुसला. "सत्तेचाळीसपर्यंत मी स्वतः मोजल्यात. तिथे दम संपला, बसलो. पुढच्या पायऱ्या पेपर टाकणाऱ्या पोरीला मोजायला सांगितल्या."

पहिल्यांदाच ते ओरडले नव्हते. खुर्चीतल्या आप्पांनी तरीही ऐकलं. त्यांनी डोळे मिटले आणि उरलेला गाल पुढे केला.

थोरलीनं पर्समधून पेन काढलं. कागद सापडेना, म्हणून तळहातावरच लिहून घेतलं, पुढच्या बुधवारसाठी: 'एकशे चौदा नव्हे, एकशे बारा.'